माळावरची शर्यत

धावण्याच्या शर्यतींचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारातील शर्यती क्रीडांगणावर होतात. तेथील जमीन सपाट केलेली असते. धावण्याचा मार्ग रेषांनी आखलेला असतो. आपण किती फेऱ्या पुऱ्या केल्या आणि किती उरल्या, हे धावणाऱ्यास क्षणोक्षणी कळत असते. दुसऱ्या प्रकारातील शर्यत क्रीडांगण सोडून मोकळ्या रानात जाते. तिच्या वाटेवर गवताळ कुरण असते, टेकडीचा चढ असतो, घसरता उतार असतो. पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो, आणि थंडीच्या दिवसांत समोरून अंगावर येणारा बोचरा वाराही असतो. या शर्यतीला ‘क्रॉसकंट्री’ असे नाव आहे. शेते, कुरणे आणि झाडी ओलांडून जाणारी शर्यत, असा त्या नावाचा भावार्थ आहे.

या शर्यतीचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यात घड्याळाला फारसा मान नाही. क्रीडांगणावर धावणाऱ्याची आजची वेळ कालच्या वेळेशी, किंवा येथील धावपटूची वेळ दूर देशातील धावपटूच्या वेळेशी ताडून पाहता येते. माळावर तसे करता येत नाही. कारण एका माळासारखा दुसरा माळ नसतो, आणि एकाच माळावरची आजची जमीन उद्या तशीच राहत नाही. म्हणून येथे विचारावयाचे ते एवढेच, की आज, या वाटेवर, या मंडळींत कोण कितवे आले? सोबत धावणाऱ्यांवाचून या शर्यतीला काही अर्थच उरत नाही. खिलाडू वृत्तीचा विचार करताना ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

क्रॉसकंट्रीचा उगम इंग्लंडमधील शाळांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील निवासी शाळांतील मुले ‘ससे आणि शिकारी कुत्री’ या नावाचा एक खेळ खेळत. एकदोन मुले ससे होत आणि कागदाचे कपटे टाकीत पुढे पळत. उरलेली मुले शिकारी कुत्री होऊन त्या कपट्यांच्या मागावरून त्यांचा पाठलाग करीत. श्रूझबरी येथील शाळा या खेळासाठी विशेष प्रसिद्ध होती. पुढे या खेळाला नियमबद्ध शर्यतीचे रूप आले. १८६८ साली लंडन येथे ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हे मंडळ स्थापन झाले. त्याच्या नावातही ससा आणि शिकारी कुत्री आहेतच. १९१२, १९२० आणि १९२४ या सालांच्या ऑलिंपिक सामन्यांत क्रॉसकंट्रीला स्थान होते. परंतु १९२४ साली पॅरिस येथे शर्यतीच्या दिवशी इतका कडक उन्हाळा होता की, निघालेल्या ३८ धावपटूंपैकी अवघे १५ जण अखेरपर्यंत पोहोचू शकले. त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. तरी शाळा-महाविद्यालयांत ती टिकून राहिली. इतकेच नव्हे, तर वाढली. अमेरिकेत महाविद्यालयीन पुरुषांसाठी तिची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३८ सालापासून होऊ लागली.

महाविद्यालयीन मुलींना मात्र या माळावर येण्यासाठी आणखी पुष्कळ वर्षे थांबावे लागले. लांब अंतर धावणे स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणार नाही, अशी त्या काळी दृढ समजूत होती. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. जर्मनीच्या लीना राडके हिने ती जिंकली आणि जागतिक उच्चांकही प्रस्थापित केला. अंतिम शर्यतीत धावलेल्या नऊही जणींनी आपली शर्यत पुरी केली होती. शर्यत संपल्यावर कोणी दमून गवतावर बसले असेल, तर ते पुरुषांच्या शर्यतीतही नित्य घडत असे. परंतु काही वृत्तपत्रांनी त्या दृश्याचे अतिशयोक्त वर्णन केले, आणि स्त्रिया कोसळून पडल्या असा बोभाटा झाला. परिणामी ती शर्यत बंद करण्यात आली. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकपर्यंत स्त्रियांसाठी २०० मीटरपेक्षा लांब शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हती. एका खोट्या वर्णनाची किंमत एका संपूर्ण पिढीला मोजावी लागली!

अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या अनेक शिक्षिकांचेही मत त्या काळी स्पर्धेच्या विरुद्ध होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांत पैसा, भपका आणि जिंकण्याचा हव्यास कसा शिरतो, हे त्यांनी पाहिले होते. ते दोष मुलींच्या खेळांत येऊ नयेत, म्हणून त्यांनी ‘प्ले डे’, म्हणजे खेळाचा दिवस, ही पद्धत रूढ केली. त्या दिवशी निरनिराळ्या महाविद्यालयांतील मुली एकत्र जमत. त्यांचे मिश्र संघ पाडण्यात येत. एकाच संघात चार महाविद्यालयांच्या मुली असल्यामुळे कोणतेही महाविद्यालय जिंकत नसे की हरत नसे. खेळ संपल्यावर सर्वजणी एकत्र बसून फराळ करीत. या पद्धतीत स्नेह होता, आनंद होता. परंतु आपल्या शक्तीची खरी परीक्षा पाहण्याची संधी मात्र नव्हती. या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत होते : स्पर्धा आली की सौजन्य जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचे उत्तर पुढे माळावर धावणाऱ्या मुलींनीच दिले.

हळूहळू काळ पालटला. अमेरिकेची डोरिस ब्राऊन हिने १९६७ पासून १९७१ पर्यंत ओळीने पाच वर्षे आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत स्त्रियांचे अजिंक्यपद मिळवले. १९७१ साली महाविद्यालयीन मुलींच्या सामन्यांसाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, सरकारी द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने शिक्षणात व तदनुषंगिक कार्यक्रमांत स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असा कायदा अमेरिकेत संमत झाला. त्यामुळे खेळांच्या सोयी मुलींनाही उपलब्ध करून देणे महाविद्यालयांना भाग पडले. १९७५ साली मुलींच्या महाविद्यालयीन क्रॉसकंट्रीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८१ साली ‘एन.सी.ए.ए.’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मुलींसाठी आपली अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पहिली शर्यत कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाली आणि सांघिक विजेतेपद व्हर्जिनिया विद्यापीठाने मिळवले. प्रारंभी मुलींसाठी ५ किलोमीटरचे अंतर होते. २००० सालापासून ते ६ किलोमीटर करण्यात आले.

ऑलिंपिकचे दरवाजेही असेच एकेक करून उघडत गेले. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली, ५००० मीटरची शर्यत १९९६ साली आणि ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत २००८ साली प्रथम धावली गेली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही या गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि तिने दहावा क्रमांक मिळवला. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ही शर्यत कोणत्याही देशातील स्त्रीला ऑलिंपिकमध्ये धावता येत नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे उघडलेल्या दारांचे महत्त्व कळते.

आता अजिंक्यपदाच्या शर्यतीचे स्वरूप पाहू. एन.सी.ए.ए.च्या सर्वांत वरच्या विभागाची ही स्पर्धा नोव्हेंबर महिन्यात होते. अनेक वर्षांच्या प्रघाताप्रमाणे तीत ३१ संघ व ३८ वैयक्तिक स्पर्धक, मिळून सुमारे अडीचशे मुली धावतात. एका रुंद कुरणाच्या कडेला लांबच लांब रेषा आखलेली असते. तिच्यावर प्रत्येक संघासाठी एक अरुंद चौकट असते आणि त्या चौकटीत संघातील सात मुली एकमेकींच्या मागेपुढे उभ्या राहतात. पिस्तुलाचा बार होताच अडीचशे मुली एकदम सुटतात. आरंभी कुरण रुंद असते. पुढे वाट अरुंद होत जाते. त्या अरुंद जागी पोहोचण्यापूर्वी पुढे सरकावे, असे प्रत्येकीस वाटते. पण आरंभीच फार वेगाने धावावे, तर पुढच्या चढावर दम संपतो. फार जपून धावावे, तर शंभर जणींच्या मागे अडकून पडावे लागते. कोठे जोर लावायचा आणि कोठे राखून धावायचे, याचा विवेक करणे हीच या शर्यतीतील खरी विद्या होय.

या शर्यतीतील गुणांची पद्धत मोठी चमत्कारिक आहे. इतर खेळांत ज्याचे गुण अधिक तो विजयी; येथे ज्याचे गुण कमी तो विजयी. प्रत्येक संघातील सात मुलींपैकी पहिल्या पाच जणींचे क्रमांक घ्यावयाचे आणि त्यांची बेरीज करावयाची. ज्या संघाची बेरीज सर्वांत लहान, तो संघ अजिंक्य. एक उदाहरण घेऊ. समजा, एका संघातील पाच मुली १, ४, ९, १२ आणि १९ या क्रमांकांवर आल्या. त्यांची बेरीज ४५ झाली. दुसऱ्या संघातील मुली २, ३, ७, १० आणि २२ या क्रमांकांवर आल्या; त्यांची बेरीज ४४ झाली. शर्यतीत पहिली आलेली मुलगी पहिल्या संघाची. पण अजिंक्यपद गेले दुसऱ्या संघाकडे! पहिल्या संघातील पाचव्या मुलीने वाटेत आणखी दोघींना मागे टाकले असते, तर तिचा क्रमांक १७ झाला असता, बेरीज ४३ झाली असती आणि सारे चित्र पालटले असते.

सहाव्या आणि सातव्या मुलीचे गुण बेरजेत धरीत नाहीत. तरीही त्यांचे धावणे व्यर्थ जात नाही. वरील उदाहरणात पहिल्या संघातील सहावी मुलगी दुसऱ्या संघातील पाचव्या मुलीच्या पुढे आली असती, तर त्या मुलीचा क्रमांक २२ ऐवजी २३ झाला असता आणि दोन्ही संघांची बेरीज सारखीच झाली असती. जिच्या नावापुढे एकही गुण लिहिला जात नाही, तीही अशा रीतीने आपल्या संघाच्या उपयोगी पडते. संघातील सर्वांत मागे असलेल्या मुलीच्या कष्टांची एवढी कदर करणारे खेळ फार थोडे असतील.

ही केवळ कागदावरची गणिते नाहीत. २०१६ साली इंडियाना राज्यातील टेरे होट येथे झालेल्या अजिंक्यपद स्पर्धेत ऑरेगन विद्यापीठाच्या मुलींचे १२५ गुण झाले आणि मिशिगन विद्यापीठाच्या मुलींचे १२६. २०२३ साली व्हर्जिनिया राज्यात झालेल्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे १२३ गुण झाले आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे १२४. दोन्ही वेळा राष्ट्राचे अजिंक्यपद एका गुणाने ठरले. एक गुण म्हणजे एक क्रमांक. आणि एक क्रमांक म्हणजे, कित्येकदा, अखेरच्या शंभर पावलांत मागे टाकलेली किंवा पुढे जाऊ दिलेली एक मुलगी.

येथेच आपल्या विषयाचा गाभा आहे. जेथे एकेका क्रमांकाला एवढे मोल आहे, तेथे वाटेत पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी कोणी का थांबावे? आणि थांबलेच, तर ते आपल्या संघाशी प्रामाणिकपणाचे ठरेल काय? सौजन्य स्वस्त असते, तेव्हा ते कोणालाही परवडते. त्याची किंमत द्यावी लागते, तेव्हाच त्याची पारख होते.

२०१७ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे अटलांटिक किनाऱ्याकडील विद्यापीठांच्या गटाची मुलींची अजिंक्यपद शर्यत चालू होती. शेवटची रेषा दृष्टिपथात आली असता बॉस्टन कॉलेजच्या एका मुलीचे पाय लटपटू लागले. तिला उभे राहवेना. मागून येणाऱ्या दोन मुलींनी हे पाहिले. त्यांतील एक क्लेम्सन विद्यापीठाची, दुसरी लुइव्हिल विद्यापीठाची. म्हणजे तिघींचे तीन संघ. त्या दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी हात दिला आणि तिघीजणी मिळून शेवटच्या रेषेपर्यंत आल्या. शर्यतीत प्रत्येक क्षण मोजला जात होता, हे त्या दोघींनाही ठाऊक होते; तरी त्यांनी ते काही क्षण एका परक्या संघातील मुलीला देऊन टाकले.

दुसरा प्रसंग याहून अधिक प्रसिद्ध आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ कॉलेज नावाचे एक जुने महाविद्यालय आहे. तेथे ॲबी डॅगोस्टिनो ही विद्यार्थिनी शिकत होती. २०१२ सालच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत तिला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले; आयोवा स्टेट विद्यापीठाच्या बेट्सी सायना हिने तिला मागे टाकले. ॲबी खचली नाही. २०१३ साली टेरे होट येथील माळावर ती पुन्हा उतरली आणि या वेळी शेकडो पावलांच्या त्या गर्दीतून सर्वांपुढे येऊन तिने अजिंक्यपद पटकावले. महाविद्यालयात असताना क्रॉसकंट्री व मैदानी शर्यती मिळून तिने सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. तिला जिंकण्याची ईर्ष्या नव्हती, असे कोणीही म्हणणार नाही.

पुढे २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी अमेरिकेच्या चमूत तिची निवड झाली. १६ ऑगस्ट रोजी स्त्रियांच्या ५००० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी होती. निम्म्याहून अधिक अंतर धावून झाले होते. धावपटू दाटीने धावत होत्या. इतक्यात न्यूझीलंडची निक्की हॅम्ब्लिन ही अडखळून पडली, आणि तिच्या पाठोपाठ धावणारी ॲबीही तिला अडखळून खाली आली. बाकीच्या धावपटू पुढे निघून गेल्या. ऑलिंपिकची शर्यत चार वर्षांतून एकदा येते. तिच्यासाठी केलेली वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात मातीस मिळाली, असे वाटावे असाच तो प्रसंग होता.

ॲबी प्रथम उठली. तिला त्याच पावली पुढे धावता आले असते, आणि तसे केल्याबद्दल कोणी तिला दोषही दिला नसता. परंतु निक्की अद्याप जमिनीवरच होती. ॲबीने वाकून तिच्या खांद्याला हात लावला आणि ‘ऊठ, आपल्याला शर्यत पुरी केली पाहिजे’ अशा आशयाचे शब्द बोलून तिला उभे केले. त्यापूर्वी त्या दोघींची ओळखही नव्हती. दोघी पुन्हा धावू लागल्या. परंतु थोड्याच अंतरावर ॲबीचा पाय दगा देऊ लागला. पडताना तिच्या गुडघ्याला मोठी इजा झाली होती. आता निक्की थांबली आणि ॲबीला धीर देऊ लागली. ॲबीने तिला पुढे जाण्यास सांगितले आणि आपण एकटीच लंगडत, वेदना सहन करीत, उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. ती सर्वांच्या शेवटी आली. शेवटच्या रेषेजवळ निक्की तिची वाट पाहत उभी होती. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि ॲबीला चाकांच्या खुर्चीतून बाहेर नेण्यात आले.

पडल्यामुळे झालेला अडथळा लक्षात घेऊन पंचांनी दोघींनाही अंतिम फेरीत प्रवेश दिला. निक्की त्या फेरीत धावली आणि सतरावी आली. ॲबीच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटला असल्याचे तपासणीत आढळून आले; त्यामुळे तिला अंतिम फेरीत धावता आले नाही. आंतरराष्ट्रीय फेअर प्ले समितीने दोघींचाही पुरस्कार देऊन गौरव केला. त्या दिवशी त्या फेरीत पहिली कोण आली, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. पण शेवटी आलेल्या या दोघींची हकीकत जगभर सांगितली जाते.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ॲबीला जिंकणे महत्त्वाचे वाटत नव्हते, म्हणून ती थांबली, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. टेरे होटच्या माळावर तिने कोणासाठीही पाऊल मंद केले नव्हते, आणि ते योग्यच होते. प्रतिस्पर्धी आपल्या सर्व शक्तीनिशी धावत असताना आपणही सर्व शक्ती पणाला लावणे, हा त्याचा सन्मान आहे. जो मुद्दाम मंद धावतो, तो प्रतिस्पर्ध्याला फुकटचा विजय देऊन त्याचा अपमानच करतो. पण प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला म्हणजे त्या दोघांतील स्पर्धा तेवढ्यापुरती थांबलेली असते. उरतात ती दोन माणसे. ‘प्ले डे’ भरवणाऱ्या शिक्षिकांना भीती होती की, ईर्ष्या आणि माया एका मनात नांदू शकणार नाहीत. त्या दोन्ही एका मनात नांदतात. मात्र कोणत्या क्षणी कोणती पुढे यावी, हे कळले पाहिजे. ते कळणे म्हणजेच खिलाडू वृत्ती.

मदत करण्यालाही विवेकाची जोड हवी. पुष्कळ स्पर्धांच्या नियमांप्रमाणे धावपटूला दुसऱ्याचे साहाय्य घेता येत नाही. घेतल्यास ती बाद ठरू शकते. हा नियम निष्ठुर वाटला, तरी त्यामागे कारण आहे. एकाच संघातील मुलींनी एकमेकींना ओढून नेले, तर शर्यतीचा अर्थच नाहीसा होईल. शिवाय उन्हाच्या तडाख्याने किंवा अतिश्रमाने कोसळलेल्या माणसाला ओढत पुढे नेण्यापेक्षा त्याला आहे तेथेच आडवे ठेवून वैद्यांना हाक मारणे अधिक हिताचे असते. तेव्हा मदत याचा अर्थ नेहमी खांदा देणे असा होत नाही. थांबून हात वर करणे, पंचांचे लक्ष वेधणे आणि वैद्य येईपर्यंत जवळ राहणे, ही मदत दिसायला लहान असली तरी कित्येकदा तीच मोलाची ठरते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. असे प्रसंग क्वचित घडतात. परंतु खिलाडू वृत्ती रोजच्या शर्यतीत रोज लागते. सहा किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक वळणाशी पंच उभा असत नाही. निशाण ज्या बाजूने ओलांडावयाचे, त्याच बाजूने ते ओलांडणे. कोणी पाहत नसताना दोन पावलांची आडवाट न धरणे. अरुंद जागी कोपराने कोणाला न ढकलणे. हरल्यावर चिखलाला, वाऱ्याला किंवा पंचाला दोष न देणे. आणि आपली शर्यत संपल्यावर निघून न जाता मागून येणाऱ्या शेवटच्या मुलीसाठी टाळ्या वाजवणे, या साध्या गोष्टींतूनच ती घडते. ज्याने या लहान गोष्टी पाळल्या नाहीत, त्याला मोठ्या प्रसंगी पडलेल्याला हात द्यावयाचे सुचेल, याचा भरवसा नाही. रिओच्या मैदानावर ॲबीला विचार करण्यास एक क्षणही मिळाला नव्हता. अशा वेळी माणूस नवे काही ठरवीत नाही. ज्या वागण्याचा त्याने सराव केलेला असतो, तेच त्याच्या हातून घडते.

माळावरच्या शर्यतीत घड्याळाला मान नाही, तेथे महत्त्व आहे ते सोबत धावणाऱ्यांना, असे आपण आरंभी पाहिले. प्रतिस्पर्धी नसेल, तर पहिला क्रमांकही नाही. आपल्याला आपली शक्ती कळते ती शेजारी धावणाऱ्या पावलांमुळे. ज्याच्यामुळे आपण वेगाने धावलो, तो आपला शत्रू कसा असेल? ऑलिंपिकमधील ८०० मीटर शर्यतीपासून ज्या मुलींना बत्तीस वर्षे दूर ठेवण्यात आले, त्यांच्या वारसदारांनी माळावर येऊन जगाला दोन गोष्टी दाखवून दिल्या : लांबची वाट त्यांना झेपते, आणि त्या वाटेवर पडलेल्याला उचलण्याइतके बळही त्यांच्यापाशी शिल्लक राहते.

स्वाध्याय

१. क्रॉसकंट्री शर्यतीत घड्याळापेक्षा क्रमांकाला अधिक महत्त्व का आहे?
२. १९२८ सालच्या ८०० मीटर शर्यतीच्या अतिशयोक्त वर्णनाचा काय परिणाम झाला?
३. ‘प्ले डे’ या पद्धतीचे गुण व उणिवा तुमच्या शब्दांत सांगा.
४. एका संघातील पाच मुली ३, ५, ८, ११ व १४ या क्रमांकांवर आणि दुसऱ्या संघातील पाच मुली १, २, ६, १३ व २० या क्रमांकांवर आल्या. कोणता संघ विजयी झाला व किती गुणांनी?
५. ‘सौजन्याची किंमत द्यावी लागते, तेव्हाच त्याची पारख होते’ हे विधान पाठातील एका प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
६. तुमच्या शाळेच्या शर्यतीत तुमचा प्रतिस्पर्धी वाटेत पडला, तर तुम्ही काय कराल आणि का, ते दहा ओळींत लिहा.